मास्तरांच्या घरची ईद

बाजाररस्त्यावर पिठाच्या गिरणीला लागून एक अरुंद दुकान होतं. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे गादीवाले म्हणत. बापही गादीवालाच होता आणि त्याचा बापही. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीने झोडून सारखा करायचा आणि लांब दाभणाने टाके घालायचे, यातच त्यांचं आयुष्य गेलं. अंगाने किडकिडीत, आणि भुवयांवर कायम कापसाचा पांढरा भुरका, त्यामुळे माणूस चाळिशीतच म्हातारा दिसायला लागला होता. खरं म्हातारपण आलं तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोलणं तिरकस. गादी करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तोंड वर न करता विचारायचे, "घरच्यांसाठी का पाहुण्यांसाठी? पाहुण्यांसाठी असेल तर टणक करतो, लवकर जातील."

बायको गेली तेव्हा लेक चौथीत होती. दुसरं लग्न कर म्हणून नातेवाइकांनी पिच्छा पुरवला. "पोरीला सावत्र आई नको," असं ते सगळ्यांना सांगत, आणि लोक कौतुक करत. खरं कारण फक्त त्यांच्या बहिणीने ओळखलं होतं. गादीवाल्यांना पोर कुणाबरोबर वाटून घ्यायचीच नव्हती. सुट्टीत आत्याकडे आठवडाभर म्हणून पाठवलेली पोर हे दोन दिवसांत परत न्यायला हजर. कारण काय, तर दुकानात करमत नाही. शाळेतून आल्यावर पोर "आमच्या बाई म्हणतात ना" असं सुरू करायची आणि यांच्या कपाळाला आठी पडायची. "तुमच्या बाईंना काय कळतं?" मग दाभण जरा जोरातच खोळीत घुसायचं. बहीण एकदा म्हणाली होती, "अरे, तू तिचा बाप आहेस का त्या बाईंची सवत?"

पण पोर वाढवली मात्र त्यांनीच. वेण्या घातल्या, डबे भरले, सायकल शिकवताना मागचं सीट धरून अख्खा रस्ता धावले. ईद यायची ती दोघांचीच. हे नमाज पढून येईपर्यंत पोर खीर करून, नवे कपडे घालून दुकानाच्या पायरीवर बसलेली असायची. गळाभेट पहिली तिची, मग बाकी दुनियेची. त्यात कधी खंड पडला नव्हता.

पोर मोठी झाली आणि दातांच्या कवळ्या बनवायला शिकली. बापाचा हात तिच्यात उतरला होता, बारीक कामात तिची नजर चुकत नसे. "मी माणसांना झोपवतो, पोर त्यांना चावायला लावते," असं गादीवाले ऐटीत सांगत. मग एके दिवशी तिला परदेशातल्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि ती गेली. तिथे हिशेब बघणाऱ्या बाईंनी आपल्या घरातली मागची खोली तिला राहायला दिली. बाईही मुसलमान. घरात बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांची म्हातारी आई. यजमान लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. पोर फोनवर त्यांना मास्तर म्हणायची.

आणि मग सुरू झालं मास्तरपुराण. मास्तरांनी बूट आणून दिले. मास्तर म्हणतात थंडीत डोकं झाकायचं. मास्तरांनी आज असं हसवलं. गादीवाले पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून जेवत असत. मास्तरांचं नाव निघालं की त्यांचा घास तोंडात फिरायला लागे. "बरं, बरं," म्हणत आणि विषय हवापाण्यावर नेत. एकाचा धंदा गादीचा, दुसऱ्याचा गाडीचा. एका अक्षराच्या फरकाने हा माणूस आपल्या पोरीच्या घरात बसलाय, असं त्यांना वाटे. घर मास्तरांचं आणि भाडेकरू आपली पोर, हे लक्षात यायला मग थोडा वेळ लागे.

तिसऱ्या वर्षी पोरीने तिकीट पाठवलं. रमजानचे शेवटचे दिवस आणि ईद इथे करा, अब्बा. गादीवाल्यांनी धावपळ करून पासपोर्ट काढला, गिरणीवाल्याकडे दुकानाची किल्ली दिली आणि निघाले.

विमानतळावर पोर दिसली. तिला जवळ घेऊन पुरतं बघतायत तोच एका दांडग्या, हसऱ्या माणसाने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. हेच मास्तर. मिश्या पांढऱ्या, पोट सुटलेलं, आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. त्यांनी काहीतरी म्हटलं, पोर खळखळून हसली आणि मग बापाकडे वळून म्हणाली, "ते म्हणतात, प्रवास कसा झाला?"

यात हसण्यासारखं काय होतं, ते गादीवाल्यांना कळलं नाही. पुढचे सगळे दिवस हेच चाललं. मास्तर बोलायचे, पोर आधी हसायची, मग बापाला सांगायची. हसू ताजं त्यांच्या वाटणीला, यांच्यापर्यंत येईतो निवलेलं.

गाडी पोरीने चालवली. शेजारी मास्तर बसले, बाप मागे. एका वळणावर मास्तरांनी स्टिअरिंगला हात लावला तेव्हा पोरीने त्यांच्या हातावर हलकीशी चापट मारली आणि तो बाजूला सारला. गादीवाले खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर दुकानं होती, झाडं होती, सिग्नल होते. त्यांना त्यातलं काही दिसलं नाही.

घर दुमजली, जिना अरुंद. खाली एक बैठकीची खोली, तिच्यात गालिचा आणि तिघे बसतील असा जुना सोफा. मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे कपडे वाळत घालायचं छोटं अंगण. संध्याकाळी सगळे रोजा सोडायला बसले. मास्तरांचा कप कोणता ते पोरीला माहीत होतं. म्हातारीच्या खजुरातली बी ती काढून देत होती. मास्तरांनी मिठाची बाटली उचलली तशी तिने ती काढून घेतली आणि दटावलं. मास्तरांनी मान खाली घातली. बाई ओढणीआड हसल्या. घरी बापाच्या हातातली विडी या पोरीने कधी काढून घेतली नव्हती. काढून घेतली असती तर दिली असती आपण, असं गादीवाल्यांच्या मनात आलं.

त्यात तिने दुधीची भाजी वाढून घेतली. दोनदा.

"तू दुधी खातेस?"

"इथे चांगला लागतो, अब्बा."

लहानपणी ताटाच्या कडेला सारलेला दुधी रोज कुणी खाल्ला होता, हे ते बोलले नाहीत. दुसरंच विचारलं. पोर मास्तरांना हाक मारताना एक दोन अक्षरी शब्द वापरत होती, तो त्यांच्या कानाला खटकला होता.

"मास्तरांना काय म्हणतेस ते? अर्थ काय त्याचा?"

पोर पाण्याचा पेला ठेवता ठेवता थांबली. "काका," ती म्हणाली. "काका म्हणायचं त्यांना."

काका चालेल, गादीवाल्यांनी मनाशी ठरवलं. गावात काय, भाजीवालाही काका असतो.

दोन-तीन दिवस ते त्या घरात हातावर हात ठेवून बसले. सकाळी सगळे आपापल्या कामाला जात आणि घरात उरत ते आणि म्हातारी. तिला ऐकू येत नसे आणि यांना तिची भाषा येत नसे, त्यामुळे त्या दोघांचं बरं जमलं. पण रिकाम्या बसलेल्या माणसाच्या मनात काय काय शिजतं. या घराने पोरीला एवढं दिलं, आणि आपण आलो ते एक पिशवी घेऊन. आपलंही काहीतरी यांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. पोरीला दिसलं पाहिजे की गाडी काय कुणीही शिकवतो, हातात हुन्नर लागतो तो वेगळा.

सोफा मधोमध खचला होता. मास्तर बसायचे ती जागा तर कढईसारखी झाली होती. ईदेला पाहुणे येणार, पोर आणि बाई खरेदीला गेलेल्या, मास्तर शिकवायला. गादीवाल्यांनी पिशवीतून दाभण, कात्री आणि सुताड्याचं रीळ काढलं. ही अवजारं घरी ठेवून यायला त्यांचा जीव झाला नव्हता. शिवण उसवायची, आतला कापूस पिंजून मोकळा करायचा, पुन्हा भरायचा. संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

आत कापूस नव्हता. खोळ सोलली तसा जुन्या फोमचा पिवळा भुगा धो धो गालिच्यावर सांडला. हात लावावा तिथे पीठ. त्याखालचे पट्टे कुजलेले, त्यातले दोन ओढताच तुटले आणि एक स्प्रिंग उसळून त्यांच्या हनुवटीला लागली. उभ्या जन्मात गादीवाल्यांनी फोमला हात लावला नव्हता. फोमनेच तर त्यांची निम्मी गिऱ्हाइकं पळवली होती. आता तो परक्या मुलखात त्यांच्यासमोर ढीग होऊन पडला होता आणि परत भरता येत नव्हता. भरायला दुसरं काही जवळ नव्हतं. बाजार कुठे ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असता तरी दुकानदाराला सांगणार काय? म्हातारी झोपेतून उठून आली, तिने त्या पसाऱ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जाऊन झोपली.

काहीच सुचेना तेव्हा त्यांनी निदान खोळ धुऊन अंगणात वाळत घातली.

संध्याकाळी सगळे एकदमच घरी आले. पोर दारातच थबकली. "अब्बा, हे काय केलंत? उद्या-परवा ईद आहे. माणसं बसणार कुठे?"

ती बापाला असं सगळ्यांसमोर कधी बोलली नव्हती. गादीवाल्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आता भडकणार, निदान तोंड वाकडं करणार, याची ते वाटच बघत होते. चिडला असता तर फार बरं वाटलं असतं. चारचौघांसारखा निघाला, असं म्हणून पोरीला दाखवता आलं असतं.

मास्तरांनी सोफ्याच्या सांगाड्याभोवती एक चक्कर मारली, कमरेवर हात ठेवले आणि काहीतरी म्हणाले. बाई हसल्या. पोर रागात होती तरी फस्सकन हसली.

"काय म्हणाला?"

"ते म्हणतात, बरं झालं. या सोफ्यावर बसलेला पाहुणा उठायचं नावच घेत नव्हता."

हा विनोद गादीवाल्यांचा होता. अशा विनोदावर ही पोर दुकानाच्या पायरीवर बसून असंच फस्सकन हसायची. इतके दिवस त्यांना वाटत होतं की या माणसाकडे पैसा आहे, घर आहे, गाडी आहे म्हणून पोर रमली. आता कळलं की तसं नाही. तो त्यांच्यासारखाच बोलत होता. अंगाचा तिळपापड झाला तो त्यामुळे. आणि मास्तर मात्र गालिच्यावर बैठक मारून पिवळा भुगा फडक्याने गोळा करत होते.

दुसऱ्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी आली. बाईंनी शेजारच्या घरांतून खुर्च्या मागवल्या, सोफ्याच्या सांगाड्यावर चादर टाकून तो कोपऱ्यात सारला.

ईदेच्या सकाळी मास्तर आणि गादीवाले नमाजाला निघाले. मशिदीत मावणार नाहीत एवढे लोक, म्हणून शेजारच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. त्या मुलखात आल्यापासून पहिल्यांदाच गादीवाल्यांना पोरीने काही सांगायची गरज पडली नाही. शब्द ओळखीचे होते, उठणं-वाकणं ओळखीचं होतं. फक्त उजव्या खांद्याला मास्तरांचा खांदा लागत होता, उबदार आणि जड. दुआसाठी हात उचलले तेव्हा गादीवाल्यांनी दरवर्षीसारखं पोरीसाठी मागणं सुरू केलं आणि मध्येच त्यांची नजर बाजूला गेली. मास्तरांचे ओठ हलत होते. हाही तिच्यासाठीच मागतोय की काय? तिथेही वाटेकरी. मग गादीवाले जरा घाईघाईने आणि जरा मोठ्याने मागायला लागले.

नमाज झाली. मास्तर वळले, हात पसरले. ईदेची गळाभेट कुणाला नाकारता येते? एकदा या खांद्यावर, एकदा त्या, पुन्हा या. गादीवाले नव्या लोडासारखे ताठ राहिले. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर थापटलं, तान्ह्या मुलाला थापटावं तसं. आणि घरी आले तेव्हा दारात पोर उभी होती, निळा नवा पोशाख घातलेली. मास्तर पुढे होते. त्या अरुंद दारात दुसरं कोण आधी जाणार? पोरीने पहिली गळाभेट त्यांची घेतली. मग बापाची.

एवढंच घडलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. गादीवाल्यांनी "ईद मुबारक" म्हटलं आणि टोपी नीट करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मग पाहुणे सुरू झाले. जो येई तो सोफा कुठे म्हणून विचारी. मास्तर रंगवून हकिगत सांगत, स्प्रिंग हनुवटीला कशी लागली तेही हाताने करून दाखवत, आणि सगळे गादीवाल्यांकडे बघून हसत. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एका म्हाताऱ्याने तर उठून त्यांचा हात हातात घेतला. तेही हसत राहिले, काही न कळता, गालफडं दुखेपर्यंत.

दुपारी मास्तरांचा मुलगा आला. दुसऱ्या गावात नोकरी करणारा, बापासारखाच दांडगा. दार उघडलं, त्याने आत पाऊल टाकलं आणि बापाला मिठी मारत हाक मारली. तोच दोन अक्षरी शब्द.

गादीवाल्यांच्या हातात खिरीची वाटी होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. पण मुलगा बसला, बोलायला लागला, आणि दर दोन वाक्यांमागे तोच शब्द. मास्तरही त्याला ओ देत होते. मग पोर स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत आली आणि तिनेही त्याच शब्दाने हाक मारली. मास्तरांनी दोघांनाही सारखीच ओ दिली.

गादीवाले उठले आणि अंगणात जाऊन पायरीवर बसले. दोरीवर सोफ्याची खोळ वाऱ्याने फुगत होती. थोड्या वेळाने पोर शोधत आली.

"अब्बा, इथे का बसलात? आत सगळे विचारतायत."

"मास्तरांचा मुलगा त्यांना काका म्हणतो का?"

नव्या पोशाखाची पर्वा न करता पोर त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या थंडीपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले."

"वाईट वाटायचं ते वाटलंच. आता खरं सांग."

तिने सांगितलं. आली त्याच वर्षी थंडीत तिच्या छातीत कफ झाला आणि तो भलताच वाढला. श्वास घेता येईना, तेव्हा मास्तरांनी उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. ज्या खोलीत ठेवलं तिथे फक्त रक्ताच्या माणसाला सोडत. दारावरच्या परिचारिकेने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, मी हिचा बाप. ती हटकत राहिली, मास्तर रोज तेच सांगत राहिले. मग बोलता यायला लागल्यावर पोरही परिचारिकेसमोर तसंच म्हणायला लागली, नाहीतर मास्तरांना बाहेर काढलं असतं. "आणि बरी झाल्यावर ते बंद कसं करायचं, अब्बा? उद्यापासून तुम्ही माझे कुणी नाही, असं म्हणायचं?"

"मला फोनवर सांगितलंस घसा बसलाय."

"तुम्ही काय केलं असतं? पासपोर्ट नव्हता, काही नव्हतं. दुकानात बसून रडला असता."

"रडलो असतो," गादीवाले म्हणाले. "तो हक्क होता माझा. तोही तुम्ही घेतला."

पोरीचे डोळे भरून आले. बापाचे कोरडेच राहिले. पोर मरणाच्या दारात होती, या विचाराने त्यांना आधी हादरायला हवं होतं. हादरलेही ते, पण त्याच्या आत, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी जळत होतं. तिच्या उशाशी बसलेला माणूस आपण नव्हतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते विझेना.

ते उठले. "चल," म्हणाले. "मला त्याला काहीतरी विचारायचंय. जसंच्या तसं सांगायचं. मध्ये हसायचं नाही."

आत पाहुणे पांगले होते. मास्तर बाह्या सारून स्वयंपाकघरात कप विसळत होते. यांचे चेहरे बघून त्यांनी नळ बंद केला.

"विचार त्याला," गादीवाले म्हणाले, "पोर दवाखान्यात होती तेव्हा काय काय झालं? पहिल्यापासून सांग म्हणावं. मला ते दिवस माहीत नाहीत."

पोर अवघडली, पण तिने विचारलं. मास्तरांनी हात पुसले आणि ओट्याला टेकून सांगायला लागले. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. ती काय प्यायली, काय ओकली, परिचारिकेवर कशी चिडली, सुई लावताना कशी ओरडली. पोर सांगता सांगता मधून थांबत होती. बऱ्याच गोष्टी तिलाही नव्या होत्या, तेव्हा ती तापात होती. मास्तर म्हणाले, रोज रात्री ती झोपेत एकच काहीतरी विचारायची, तिच्या भाषेत. इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं, वेड्यावाकड्या उच्चारात, मान तिरकी करून: "शतर ओदलंका?"

पोरीला कळेना. गादीवाल्यांना लगेच कळलं.

दुकानाच्या वरच्या खोलीत ते दोघं राहायचे. रात्री हे खाली दुकान आवरत आणि पोर अंथरुणात पडून वरून हाक मारी, "अब्बा, शटर ओढलं का?" हे खालून हो म्हणत. तो हो ऐकल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

"अर्थ कळत नव्हता," मास्तर म्हणाले. "पण सूर प्रश्नाचा वाटायचा. म्हणून मी आपलं हो म्हणायचो. मग ती शांत झोपायची."

पोर तोंडाला ओढणी लावून उभी होती. गादीवाले मास्तरांच्या हातांकडे बघत होते. ते जाडजूड, पाण्याने सुरकुतलेले हात. तो हो माझा होता, त्यांना वाटत होतं. माझा शब्द, माझ्या पोरीच्या कानात, आणि बोलला हा. जन्मभर हेवा केला, पण इतका कधी केला नव्हता. आणि ज्याच्यावर जळायचं त्याने आपली पोर आपल्याला जिवंत ठेवून दिली होती, म्हणजे धड जळायचीही सोय नाही.

"सांग त्याला," ते शेवटी म्हणाले, "उत्तर बरोबर दिलं."

मग त्यांनी फडकं घेतलं आणि विसळलेले कप पुसायला लागले.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांना गाडीत घालून बाजारात नेलं. पोरीला कामावर जायचं होतं, त्यामुळे दोघंच. फोम, पट्टे, खिळे हे सगळं गादीवाल्यांनी हातवाऱ्यांनी घेतलं आणि मास्तरांनी मध्ये मध्ये बोलून घोळ घातला. घरी येऊन काम मांडलं. फोमचं काम गादीवाल्यांनाही नवं होतं, दोनदा चुकलं, दोनदा उसवलं. मास्तर खोळ ताणून धरायला बसले आणि पहिल्याच टाक्याला त्यांनी बोट पुढे केलं. दाभण टोचलं. मास्तर कळवळले. गादीवाल्यांनी बोट बांधून दिलं, पण खरं सांगायचं तर आतून त्यांना थोडं बरं वाटलं. सोफा झाला. पूर्वीपेक्षा जरा वाकडा झाला, पण बसता येत होतं.

निघायच्या दिवशी गळाभेट झाली तेव्हा ते पहिल्यासारखे ताठ राहिले नाहीत. फार सैलही झाले नाहीत.

परत आल्यावर दुकानात लोक विचारत, कसे आहेत तिकडचे लोक? "माणूस चांगला आहे," ते सांगत. "चांगला आहे हीच पंचाईत आहे." पोर फोन करी, कधीकधी मास्तर मध्येच फोन घेत आणि आपल्या भाषेत लांबलचक बोलत. हे आपल्या भाषेत गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगत. एकमेकांचं बोलणं संपलं आहे हे दोघांनाही बरोबर कळे.

वर्ष सरता सरता पोरीने बातमी दिली. पगार वाढला होता, तिने प्रयोगशाळेजवळ स्वतःची दोन खोल्यांची जागा घेतली होती. रमजान लागायच्या आधीच राहायला जाणार होती. ती आनंदात सांगत होती आणि गादीवाले गप्प.

"अब्बा? ऐकताय ना? तुम्हाला तर आवडायला हवं."

आवडायला हवं होतं. इतकी वर्षं हेच तर पाहिजे होतं. पण डोळ्यांसमोर आलं ते मास्तरांचं स्वयंपाकघर, आणि त्यात मीठ हवं तेवढं घेणारा, अडवायला कुणी नसलेला माणूस. पोर गेल्यावर रिकामं घर कसं वाजतं ते गादीवाल्यांना शिकवायला नको होतं.

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. खूप हसवलं त्यांनी. सामान मीच पोचवतो म्हणाले."

"हसवणारच," गादीवाले म्हणाले. काही क्षण ते समोरच्या अर्ध्या शिवलेल्या उशीकडे बघत राहिले. "ईदेला कुठे असशील?"

"अजून ठरवलं नाही. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी बोलावतायत."

"त्यांच्याकडे जा. मास्तरांकडे. आणि दुपारी नको, ते नमाजाहून यायच्या आधी जा. दारात उभी राहा."

पोर हळूच म्हणाली, "आणि तुम्हाला वाईट वाटलं तर?"

"वाटेल की," गादीवाले म्हणाले. "ते माझं मी बघतो."